पाच कोटी वर्षांचा पेडवो

निघण्याआधी

गेल्या उन्हाळ्यात आमच्या धाकट्यानं मागच्या अंगणात डायनोसॉरसाठी चार खड्डे खणले. निघालं काय, तर एक गंजका चमचा, कुणाच्या तरी कुत्र्यानं पुरलेलं हाड आणि स्प्रिंकलरचा पाइप. पाइप सापडला तो फुटूनच. प्लंबरचे पैसे देताना नवरा म्हणाला, "याला एकदा खरंच काही निघेल अशा ठिकाणी नेऊन सोड." तो वैतागून म्हणाला होता. मी मनावर घेतलं.

आम्ही युटात राहतो, सॉल्ट लेकच्या दक्षिणेला. घरापासून चार-पाच तासांच्या टापूत समुद्रातले किडे, डायनोसॉर आणि मासे असे तीन वेगवेगळ्या काळांतले जीवाश्म आहेत, आणि दहा वर्षांत आम्ही त्यातलं एकही ठिकाण पाहिलेलं नव्हतं. त्यात या वर्षी सासूबाई मालवणहून आलेल्या. वय ७१, डावा गुडघा कुरकुरणारा, जीभ मात्र ठणठणीत. सगळे म्हणत होते की त्यांना यलोस्टोनला न्या, व्हेगासला न्या. मी बेत सांगितला तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "थंय मासे गावतत?"

म्हटलं, "गावतात आई, पण दगडातले."

हातोडी उचलायच्या आधी कायदा बघावा लागतो. जीवाश्म कुणाचा, हे तो कुणाच्या जमिनीत आहे त्यावर ठरतं. राष्ट्रीय उद्यानात आणि राष्ट्रीय स्मारकात खडासुद्धा उचलायचा नाही. जमीन व्यवस्थापन खात्याच्या मोकळ्या सरकारी जमिनीवर शिंपले, ट्रायलोबाइट (तेच ते समुद्रातले किडे), पानांचे ठसे घरी ठेवण्यापुरते घेता येतात. दगड झालेलं लाकूड दिवसाला २५ पौंड आणि वर्षाला २५० पौंडांपर्यंत चालतं. पण पाठीचा कणा असलेलं काहीही, म्हणजे डायनोसॉर किंवा अगदी बोटभर मासासुद्धा, परवान्याशिवाय घेणं २००९च्या कायद्यानं गुन्हा आहे. त्यामुळे मासे खणायचे तर पैसे घेऊन खणू देणाऱ्या खाणीतच जावं लागतं. आमचा बेत याच हिशेबानं ठरला. ट्रायलोबाइट आणि मासे यांच्यासाठी खाणी, आणि मधे डायनोसॉर नुसते बघायला.

क्रम मी जुन्याकडून नव्याकडे लावला. आधी ५० कोटी वर्षांपूर्वीचे ट्रायलोबाइट, मग सुमारे १५ कोटींचे डायनोसॉर, शेवटी ५ कोटी २० लाख वर्षांचे मासे. कागदावर फार देखणं दिसत होतं. हा क्रम लावताना मी हवामान बघितलं नव्हतं, ते पुढे कळेलच.

सामान: दोन हातोड्या, रुंद पात्याच्या तीन छन्न्या, सगळ्यांना डोळ्यांवरचे गॉगल (उन्हाचे नाही, कपच्यांपासून वाचायचे), हातमोजे, अंड्यांचे रिकामे पुठ्ठ्याचे ट्रे, वर्तमानपत्रांचा गठ्ठा, पाण्याचे चार कॅन. खायला दशम्या, लसणाची चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या. सासूबाईंनी आपल्या पिशवीत सोलकढीसाठी कोकमं टाकली. वाळवंटात नारळ कुठून आणणार, हे विचारायची हिंमत मी केली नाही.

पहिला दिवस

दुपारनंतर निघून दोन तासांत डेल्टा गाठलं. गाव लहान, सपाट, सगळीकडे अल्फाल्फाच्या गंज्या. मुक्काम करायचा आणि पहाटे निघायचं, एवढंच इथलं काम. वेळ होता म्हणून टोपाझ म्युझियममधे डोकावलो.

दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांना घरांतून उठवून ज्या छावण्यांत कोंडलं, त्यातली एक गावाबाहेरच्या उजाड माळावर होती. १९४२ ते १९४५ या काळात ११ हजारांहून जास्त माणसं तिथून गेली. एका कपाटात इवल्या पांढऱ्या शिंपल्यांच्या फुलांचे ब्रोच मांडलेले होते. छावणीची जमीन म्हणजे हिमयुगातल्या आटलेल्या तळ्याचा तळ. कोंडलेल्या बायका-माणसं तिथली माती उकरून, चाळून शिंपले वेचत, धुऊन, रंगवून त्यांची फुलं करत. मोठी बराच वेळ त्या कपाटाशी उभी होती. खणायला निघालेल्या आमच्या सहलीत हे असं पहिल्याच दिवशी समोर येईल असं वाटलं नव्हतं. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "त्यांना खणायला परवानगी होती का?" मला उत्तर माहीत नव्हतं.

दुसरा दिवस

सहाला निघालो. डेल्टापासून पश्चिमेला पस्तीसेक मैल डांबरी रस्ता, पुढे वीसेक मैल खडीचा. मागे धुळीचा लोट, समोर हाउस रेंजचे डोंगर, मधे एक झाड नाही. फोनची रेंज डांबराबरोबरच संपते. शेवटी डोंगराच्या कुशीत करड्या दगडांचे ढिगारे दिसतात. तीच खाण.

पैसे तासांवर. हातोडी-बादली तिथेही मिळते. जेवढं सापडेल तेवढं आपलं. यंत्रानं ताजा थर उकरून ठेवलेला असतो, त्यामुळे खरं म्हणजे हे खणणं नाही, फोडणं आहे. दगड शेल जातीचा, गाळाचा, पापुद्र्यांचा. लादी जमिनीवर आडवी ठेवून वरून हाणली की तुकडे उडतात आणि हाती काही लागत नाही. ती उभी धरायची, कड वर करायची आणि कडेवर बारीक ठोके देत जायचं. एका ठोक्याला आवाज बदलतो आणि पदर सुटतो. चिरोट्याचे पदर सुटतात ना, तसा. तेल-पिठाच्या साट्याऐवजी इथे ५० कोटी वर्षांचा चिखल, एवढाच फरक.

पहिला अर्धा तास कुणालाच काही मिळालं नाही. धाकटा रडवेला झाला. "इथेपण पाइपच निघणार." मग मला एक अर्धा सापडला, नुसती शेपटीकडची बाजू. आणि पाचेक मिनिटांत मोठीच्या लादीतून एक अख्खा ट्रायलोबाइट टप्पदिशी खाली पडला. अक्षरशः पडला. दगडात ठसा राहिला आणि प्राणी वेगळा होऊन तिच्या बुटाशी. या ठिकाणची ही गंमतच आहे. मेल्यावर त्यांच्या कवचाखाली कॅल्साइटचा जाड थर चढला, त्यामुळे ते दगडातून सुटे निघतात.

तळहातावर घेतला. काळाकुळीत, सुपारीच्या खांडाएवढा, वर फुगीर, खाली सपाट. डोक्याकडची बाजू अर्धचंद्रासारखी, मागे एकापाठोपाठ एक वळ्या. लांबीत तीन भाग पडलेले, मधला उंच, दोन्ही बाजूंचे उतरते. त्यावरूनच ट्रायलोबाइट हे नाव. अंगठा फिरवला तर फणीच्या दातांवरून फिरवल्यासारखं करकरतं. या जातीचं नाव एलराथिया किंगी, आणि या डोंगरात ती इतकी विपुल आहे की जगभरच्या दुकानांत किल्ल्यांच्या कीचेनला लटकलेले ट्रायलोबाइट बहुधा इथलेच. तुकडे फार मिळतात, कारण वाढताना ते खेकड्यासारखी कात टाकत. म्हणजे बादलीत जमा होणारे निम्मे 'बळी' हे नुसते टाकलेले कपडे. धाकट्यानं ते मोजणीतून वगळायला साफ नकार दिला.

सासूबाई घडीच्या खुर्चीवर पदराचं टोक डोक्यावर ओढून बसल्या होत्या. सावलीसाठी आणलेली बीचवरची छत्री वाऱ्यानं पहिल्या दहा मिनिटांतच उलटी करून टाकली होती. धाकट्यानं त्यांच्या हातावर एक ट्रायलोबाइट ठेवला. त्यांनी उलटापालटा केला, नखानं टोकरला आणि मला विचारलं, "खावचो की पुजूचो?"

प्रश्न वाटतो तितका थट्टेचा नव्हता. त्यांच्या देवघरात शाळिग्राम आहे, सासऱ्यांच्या आजोबांनी आणलेला. म्हटलं, आई, तुमच्या शाळिग्रामाच्या आत चक्र दिसतं ना, तोसुद्धा असाच समुद्रातला प्राणी. गंडकीच्या खोऱ्यातला अमोनाइट. हिमालयाच्या जागी समुद्र होता तेव्हाचा. मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. त्या म्हणाल्या, भटजी सांगतात की ते चक्र वज्रकीट कोरतो. "म्हणजे किडोच मां तो?" आणि विषय त्यांच्यापुरता मिटला.

या भागातले युट लोक ट्रायलोबाइट ताईत म्हणून गळ्यात घालत. त्यांनी त्याला दिलेल्या नावाचा अर्थही 'दगडाच्या घरातला पाण्यातला छोटा किडा' असाच होतो. हे मी मोठ्या उत्साहानं सांगितलं. कुणी ऐकत नव्हतं, कारण तेवढ्यात नवऱ्याला एका लादीत तीन सापडले होते.

अकराला ऊन अंगावर यायला लागलं. बाराला दगड हातमोज्यातूनही चटके देत होता. चार तासांचे पैसे भरले होते, साडेतीन तासांतच आम्ही गाडीत. जून संपताना या खाणीत मुलं आणि म्हातारं माणूस घेऊन यायचं तर खाण उघडताच सुरू करून ऊन चढायच्या आत उठावं, नाहीतर सरळ सप्टेंबरात यावं. माझ्या देखण्या क्रमाचं पहिलं फळ ते हे. अंड्यांच्या ट्रेमधे ४३ अख्खे भरले. त्यातले दोन धाकट्यानं ट्रेमधून काढून खिशात घातले, ते मी बघितलं आणि सोडून दिलं.

परतताना खडीच्या रस्त्यावर मागचं चाक बसलं. रेंज नाही, सावली नाही, गाडी क्वचित. स्टेपनी निघाली ती आजकालची, सायकलच्या चाकाची थोरली बहीण. ट्रंक रिकामी केल्याशिवाय ती निघत नव्हती, आणि ट्रंकमधे होते आमचेच दगड. नवरा जॅक लावताना एक शब्द बोलला नाही. सासूबाईंनी शांतपणे दशम्या काढल्या. पंचेचाळीस मिनिटांनी निघालो तेव्हा लसणाची चटणी संपली होती.

तिसरा दिवस

नवीन टायर, मग दिवसभर गाडी. स्पॅनिश फोर्क, हीबर, स्ट्रॉबेरी नावाचा भला मोठा जलाशय (स्ट्रॉबेरी एकही नाही), आणि संध्याकाळी व्हर्नल. गावात गुलाबी रंगाचा, लांब पापण्यांचा उंच डायनोसॉर उभा आहे. त्याच्या पायाशी फोटो काढणं सक्तीचं असावं, इतकी रांग. सांगण्यासारखं दुसरं काही घडलं नाही. सगळे थकले होते.

चौथा दिवस

डायनोसॉर राष्ट्रीय स्मारक युटा आणि कोलोरॅडो या दोन्ही राज्यांत पसरलेलं आहे, पण हाडं आहेत ती युटाच्या बाजूला. उन्हाळ्यात स्वागत कक्षापासून वर शटल बसनं नेतात. वर काचेची एक इमारत आहे आणि तिची एक भिंत म्हणजे खुद्द डोंगर. त्या भिंतीत साधारण १,५०० हाडं, जशी सापडली तशी. मांडीची, मानेची, खांद्याची, एकमेकांवर पडलेली. हा थर नदीतल्या वाळूचा. दुष्काळात मेलेले प्राणी पुराच्या पाण्यानं वाहत येऊन एका जागी अडकले, वर वाळू बसली. पुढे जमीन उचलली जाताना थर कलला, म्हणून आज ते तळ नसून भिंत झालेलं आहे.

१७ ऑगस्ट १९०९ रोजी अर्ल डग्लस नावाच्या माणसाला इथे अपॅटोसॉरसच्या शेपटीचे आठ मणके ओळीनं दगडातून बाहेर आलेले दिसले. पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयानं त्याला धाडलं होतं. पुढे वर्षानुवर्षं सांगाडे पेट्यांत भरून पिट्सबर्गला गेले. १९१५मधे जागा राष्ट्रीय स्मारक झाली. उरलेली हाडं काढू नका, भिंतीतच उघडी करा आणि वर छप्पर घाला, असं डग्लसनं सुचवलं होतं. इमारत प्रत्यक्षात आली १९५८मधे. खालची चिकणमाती फुगते-आकसते म्हणून ती पुढे इतकी वाकडी झाली की २००६ला बंद करावी लागली. आत्ताची २०११पासूनची आहे. खालच्या मजल्यावर काही हाडांना हात लावू देतात. गार असतात. दगडापेक्षा थोडी गुळगुळीत.

इथे मला माझं गाव आठवलं. मी वरोऱ्याची. आमच्या तालुक्यात पिसदुरा नावाचं खेडं आहे, तिथे शेतांत डायनोसॉरची हाडं सापडतात, आणि दगड झालेली लीद. २००५मधे शास्त्रज्ञांना त्या लिदीत गवताचे सूक्ष्म कण सापडले, तोवर डायनोसॉरांच्या काळात गवत नव्हतंच असं समजत. एवढी मोठी गोष्ट आमच्या बांधावर, आणि मी बारावीपर्यंत तिथे राहून पिसदुऱ्याला एकदाही गेले नाही. लग्नकार्याला मात्र त्या रस्त्यानं शंभरदा गेले असेन.

धाकटा भिंतीसमोर दहा मिनिटं गप्प होता, मग, "इथे खणायचं कधी?" खणायचं नाही म्हटल्यावर चेहरा उतरला. मग त्यानं ज्युनियर रेंजरची पुस्तिका भरली. ती दाखवली की रेंजर हात वर करून शपथ देतात आणि बिल्ला मिळतो. शपथेत जीवाश्म न उचलण्याचं आलं आणि हा मधेच थांबला. कान लाल. हळूच खिशातून दोन ट्रायलोबाइट काढून टेबलावर ठेवले. "हे माझ्याकडे आहेत."

रेंजरबाईंनी ते भिंगाखाली बघितले, कुठे मिळाले विचारलं, खाणीचं नाव ऐकून हसल्या. ते तुझेच आहेत म्हणाल्या, पण इथून बाहेर पडेपर्यंत खिशातच ठेव, नाहीतर मला प्रत्येकाला समजावत बसावं लागेल. बिल्ला मिळाला. माझ्या मते सहलीतला सगळ्यात मोठा डायनोसॉर आम्ही त्या टेबलाशी बघितला.

पाचवा दिवस

व्हर्नलहून उत्तरेला १९१ नंबरचा रस्ता घाट चढत फ्लेमिंग गॉर्जला जातो. कडेला पाट्या लावल्या आहेत, आत्ता आपण कोणत्या थरावरून जातो आहोत आणि त्यात कोणते जीव होते ते सांगणाऱ्या. जसजसं वर चढावं तसतसा काळ मागे जातो. माथ्यावरचे खडक डायनोसॉर काय, ट्रायलोबाइटहूनही जुने. मोठीनं एकेक पाटी वाचायची आणि धाकट्यानं त्या प्राण्याचा आवाज काढायचा. शिंपल्यांच्या थरात तो गप्प राहिला, हे मला आवडलं.

वायोमिंगमधे उतरल्यावर सगळं रूक्ष. सेजची झुडपं, वारा आणि ट्रक. ग्रीन रिव्हर गावाच्या डोक्यावर पिवळट-करड्या थरांचे उभे कडे आहेत, ते सगळे एका जुन्या तळ्याचा गाळ. लिटल अमेरिका नावाच्या हमरस्त्यावरच्या थांब्याला स्वस्तातले आइस्क्रीम कोन खाल्ले. वारा इतका, की निम्मं आइस्क्रीम माझ्या गॉगलवर.

केमररला पोचलो तेव्हा सातची वेळ, जूनमधे अंगावर स्वेटर. जवळजवळ सात हजार फूट उंची. जे. सी. पेनी या अमेरिकाभर पसरलेल्या दुकानसाखळीचं पहिलं दुकान याच गावात १९०२मधे सुरू झालं. सासूबाईंना त्याचं फार कौतुक. ते म्हणे 'आमच्या गावासारखां गाव' असून इथून एवढी दुकानं निघाली. खोली मात्र ऑनलाइन घेतलेली, आणि आमच्या नावाचं बुकिंग पुढच्या महिन्याचं निघालं. तारीख मीच चुकवली की त्यांनी, यावर अजून घरात दोन मतं आहेत. एकाच खोलीत पाच जण झोपलो. नवरा दाराजवळ.

सहावा दिवस

आता मासे.

खाणीत सकाळी आठला जाकिटं घालून पोचलो. बोडक्या टेकडीचा माथा कापून केलेला सपाट चौक. एका बाजूला पांढुरक्या चुनखडीचे थरावर थर, बारीक रेघांचे, वहीच्या कडेसारखे. चौकात लाद्या रचून ठेवलेल्या. बुकिंग करतानाच एक विचारून घ्यावं: जे निघेल ते सगळं आपलं का? खाजगी खाणींचे नियम वेगवेगळे असतात. राज्य सरकारकडून भाड्यानं घेतलेल्या खाणीत नेहमीचे मासे खणणाऱ्याचे, पण पक्षी, वटवाघूळ, मगर, घोडा असं दुर्मीळ काही निघालं तर ते वायोमिंगचं. धाकट्यानं हे ऐकून वटवाघूळ सापडू नये अशी प्रार्थना केली.

चुनखडी शेलपेक्षा मऊ, नीट वागणारी. लादी उभी करायची, कडेवरची एक रेघ निवडायची, छन्नीचं रुंद पातं त्या रेघेवर टेकवून हलके ठोके. मग छन्नी दोन बोटं सरकवायची, पुन्हा ठोके. असं तिन्ही कडांनी. घाई केली की लादी मधेच तिरपी तुटते. नीट झालं तर शेवटच्या ठोक्याला ती पुस्तकासारखी उघडते. बहुतेक पानं कोरी. आणि मग एखाद्या पानावर मासा.

माझा पहिला बोटभर लांब होता. दुधी दगडावर गडद तपकिरी. डोळ्याची गोल खोबण, उघडं तोंड, कल्ल्यांची चकती, पाठीचा काटा आणि त्याला दोन्हीकडून फुटलेले केसाएवढे बारीक काटे, सगळे मोजता येण्याजोगे. शेपटीची कात्री. उजव्या लादीवर मासा, डाव्या लादीवर त्याचा ठसा. फोडल्या क्षणी दगडात ओल असते, त्यामुळे रंग जास्त गडद दिसतो. मिनिटाभरात वाऱ्यानं सुकून फिका होतो. तो पहिला मिनिट चुकवू नये.

"बघू गो," म्हणत सासूबाई उठल्या. चष्मा कपाळावर सरकवला, लादी नाकाजवळ नेली. "गो, हो तर पेडवो!" पेडवो म्हणजे मालवणकडच्या बाजारातला छोटा मासा.

खाणीतल्या मुलानं सांगितलं, हा नाइटिया, इथला सगळ्यात जास्त सापडणारा मासा, वायोमिंगचा राज्य-जीवाश्म. मी भाषांतर केलं. आईंनी मान हलवली आणि पुन्हा म्हणाल्या, पेडवो. नंतर म्हणाल्या, "माका पण एक हातोडो दी."

पुढचे दोन तास मी बघण्यात घालवले. त्यांच्या हातात जोर नव्हता, पण घाईही नव्हती. पहिल्या दोन लाद्या फुटल्या, तिसरीत एक चांगला मासा होता तो छन्नी खोल घालून त्यांनीच मधोमध कापला. "कालवणाक बरो," एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी फोडणं सोडून दिलं आणि आम्ही कोऱ्या म्हणून बाजूला टाकलेल्या लाद्या चाळायला घेतल्या. तांदळातले खडे निवडताना ताट उजेडाकडे तिरकं धरतात, तशी एकेक लादी सूर्याकडे तिरकी धरायची. मासा कधी कधी पृष्ठभागावर नसतोच. कागदाएवढ्या दगडाच्या पापुद्र्याखाली असतो, आणि पाठीच्या काट्याची नुसती एक बारीक उंचवट्याची रेघ वर येते. भर उजेडात ती दिसत नाही, तिरक्या उजेडात तिची सावली पडते. इथल्या एका जाड थरातले मोठे मासे शोधायला खाणवाले याच कारणासाठी रात्री काम करतात, दिवे जमिनीलगत तिरके लावून. आम्ही टाकून दिलेल्यांतून आईंनी सहा मासे काढले. सहावा वीतभर होता, पोट खोल, जबडा वर वळलेला. डिप्लोमिस्टस. तो धाकट्यानं लगेच आपल्या नावावर केला.

बाराला वारा उठला. पुऱ्या चुनखडीच्या धुळीसकट खाल्ल्या. खाणीतल्या करवतीवर लाद्यांच्या कडा कापून घेतल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या. एकूण ३१ मासे, त्यातले धड म्हणावे असे १९. इतके वजनदार मासे मी जन्मात उचलले नव्हते.

आणि गाडी भरताना कूलर मी ठेवला. डिप्लोमिस्टसवर. आवाज झाला, खारी बिस्किट मोडल्यासारखा. धाकटा रडला नाही, तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. त्यापेक्षा रडला असता तर बरं.

सातवा दिवस

घरी जाण्याआधी गावाच्या पश्चिमेला दहा-पंधरा मैलांवरचं फॉसिल ब्यूट राष्ट्रीय स्मारक. १९७२मधे झालेलं, प्रवेश फुकट. लोक हे आधी बघून मग खाणीत जातात. आमचं उलटं झालं आणि ते बरंच झालं. ज्यानं दगड फोडलेत तो काचेमागच्या लादीकडे वेगळ्या नजरेनं बघतो. "हा किती नीट निघालाय" असं आपोआप तोंडून येतं.

भिंतीभर मासे. एक मासा दुसऱ्याला गिळताना घास अडकून मेलेला, दोघंही तसेच्या तसे. तेव्हा इथे तळं होतं, हवा उबदार, थंडी माहीत नसलेली. तळाशी प्राणवायू नव्हता, त्यामुळे मेलेला मासा खायला तिथे कुणी उतरलं नाही, आणि वर पिठासारखा चुन्याचा गाळ बसत गेला. आज त्याच जागी वर्षातले कितीतरी महिने बर्फ असतं.

सासूबाई माझ्या पुढे चालल्या होत्या. एका लादीपाशी थांबल्या, "पाकट." होतं पाकटच, शेपटीच्या काट्यासकट. पुढे मगर. पुढे माणसाएवढं मोठं, पंख्यासारखं पान. "ताड." मी पाट्या वाचत मागून येत होते आणि पाट्या त्यांच्यामागून येत होत्या. नाइटियाच्या पाटीवर लिहिलेलं होतं की हा हेरिंग आणि सार्डिनच्या कुळातला. म्हणजे तारली, पेडवे यांचाच भाऊबंद. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांना त्यात नवीन काही वाटलं नाही.

गाडीत मोठीनं हिशेब मांडला. सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा, हे मी तिला मागे सांगितलं होतं. मासे ५ कोटी २० लाखांचे. "म्हणजे आजी, हा पेडवो रायगडाच्या दगडापेक्षा लहान आहे." आजी म्हणाली, लहानच आहे, बोटभर. मोठीनं दोनदा समजावलं, मग सोडून दिलं. अडीच तासांत घरी.

आल्यानंतर

डिप्लोमिस्टस फेव्हिक्विकनं चिकटला. सांधा डोळ्याच्या मागून जातो, लांबून दिसत नाही. धाकटा आल्यागेल्याला जवळ नेऊन दाखवतो आणि कुणी केलं तेही सांगतो.

आईंनी स्वतःच्या बॅगेसाठी दोन पेडवे वेगळे काढलेत, साडीच्या घडीत. बॅग काट्यावर २३ किलोंच्या वर जाते आहे. नवऱ्यानं बदामाची पाकिटं बाहेर काढली, तरी जास्तच.

सहलीचे कपडे धुवायला टाकले तेव्हा मशिनमधून खडखड आवाज आला. थांबवून बघितलं तर ड्रममधे दोन ट्रायलोबाइट. शपथेचे. एक अख्खा आणि लख्ख, दुसऱ्याचं डोकं गेलेलं. धाकट्याच्या मते ते मशिननं खाल्लं, आणि मशिन उघडून शोधायला हवं. त्यासाठी त्यानं छन्नी आणली आहे.